अर्धं ताट उन्हात

फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे एक चपटा प्लास्टिकचा डबा होता. झाकणाला सुईनं पाडल्यासारखी बारीक भोकं. मला वाटलं, मोड आलेली मटकी असणार. उघडून पाहिलं तर आत कोंडा, आणि कोंड्यात बोटाच्या पेराएवढ्या पिवळसर अळ्या, निपचित पडलेल्या. मी किंचाळले नाही, एवढंच स्वतःच्या बाजूनं सांगते.

"मावशीआजी, तो दाढोबाचा खाऊ आहे," असं म्हणत नातीनं डबा माझ्या हातातून घेतला आणि परत दह्यामागे सरकवला. आपण कोथिंबीर ठेवतो ना, तितक्या सहज.

घर माझ्या भाचीचं. ॲरिझोनातलं चँडलर हे फीनिक्सला चिकटलेलं, वाळवंटात वसलेलं शहर. घर शुद्ध शाकाहारी. अंडं चालतं ते केकपुरतं, तेही कुणी विषय काढला नाही तर. आणि अशा घराच्या दिवाणखान्यात, काचेच्या चार फुटी पेटीत, हा दाढोबा राहतो. जात बिअर्डेड ड्रॅगन. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड हात, वजन अर्धा किलोच्या आत, अंगावर खडबडीत खवले, गळ्याखाली काट्यांची झालर. चिडला की ती झालर फुगवून काळीकुट्ट करतो, म्हणून दाढोबा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या, लालमातीच्या मुलखातला. ऑस्ट्रेलियानं आपल्या वन्यप्राण्यांच्या व्यापारी निर्यातीला कधीचाच अटकाव केलाय. त्याआधी-नंतर जे काही थोडे बाहेर पडले, त्यांच्या पिल्लांची पिल्लं आज जगभरच्या दिवाणखान्यांत बसली आहेत.

मी साताऱ्याची. सरडा म्हणजे कुंपणावर बसून माना डोलावणारा प्राणी, एवढीच माझी ओळख. तीन महिने या पेटीसमोर बसून जे पाहिलं, त्यानं माझी झोप उडाली. खरंच सांगते, जेवण ही काय चीज आहे ते मला साठीनंतर एका सरड्यानं शिकवलं.

सुरुवात त्या अळ्यांपासूनच करू. त्या मेलेल्या नव्हत्या. डबा ओट्यावर दहा मिनिटं ठेवला की वळवळायला लागतात. कीटकाच्या अंगात स्वतःची शेगडी नसते. बाहेर थंड तर तो थंड, बाहेर ऊन तर तो चपळ. म्हणून फ्रिजमध्ये ठेवलं की त्यांचं वाढणंही थांबतं आणि भुंगे होणंही लांबतं. आता गंमत बघा. ज्याच्यासाठी त्या ठेवल्या, त्या दाढोबाच्याही अंगात शेगडी नाही. त्याला फ्रिजच्या जवळपासच्या गारव्यात ठेवून पंचपक्वान्नं वाढली, तरी ती पोटात तशीच पडून राहतील आणि कुजतील. पाचकरस कामाला लागायला, आतडं हलायला त्याला पस्तीस अंशांच्या आसपासचं शरीर लागतं. ते तापवायचं कुठून? बाहेरून. उन्हातून.

म्हणून पेटीच्या एका टोकाला दिवा असतो आणि त्याखाली एक चपटा दगड, चाळीस अंशांच्या घरात तापलेला. दुसरं टोक गार. दाढोबा सकाळी उठला की आधी दगडावर जातो, अंग पसरून चपटं करतो आणि त्याची पाठ चक्क काळवंडते. काळा रंग ऊन जास्त पितो, हे त्याच्या कातडीला ठाऊक आहे. पुरेसं तापलं की पाठ पुन्हा फिकट. फारच तापलं तर तोंड उघडं टाकून बसतो, कुत्र्यासारखं. मग गार टोकाकडे सरकतो. दिवसभर तो हेच करत असतो, आपण गॅसची ज्योत लहानमोठी करतो तसं. फक्त इथे शेगडी जागेवर असते आणि भांडं सरकतं.

आणि हे सगळं चँडलरमध्ये! बाहेर जूनमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे, अंगणातल्या नळाला हात लावला तर चटका. आत एसी लावून घर चोवीस अंशांवर आणलेलं. आणि त्या गार केलेल्या घरात, वाळवंटातल्या प्राण्यासाठी, काचेच्या पेटीत पुन्हा वाळवंट तापवलेलं. विजेचं बिल बघून भाचीचा नवरा दरमहा एकदा हसतो. ते हसू आनंदाचं नसतं.

पण या शेगडी नसण्यात एक फायदा आहे. आपण जे खातो त्यातला मोठा हिस्सा निव्वळ अंग सदतीस अंशांवर ठेवण्यात जळतो. दाढोबाचा तो खर्च ऊन भागवतं. त्याच्याएवढ्या वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं. अर्ध्या किलोचा उंदीर एवढ्यावर उपाशी मरेल. दाढोबा मात्र दोन दिवसांआड चार किडे आणि वाटीभर पाला खाऊन ढेकर देतो. (ढेकर नाही देत. पण चेहरा तसाच असतो.)

आता शिकार. मी हातात चिमटा धरून, डोळे अर्धे मिटून, पहिल्यांदा एक झुरळ पेटीत सोडलं. हो, झुरळ. डुबिया नावाची दक्षिण अमेरिकेतली जात, पैसे मोजून आणलेली. जन्मभर झुरळामागे चप्पल घेऊन धावलेली मी, त्या झुरळाला गाजर खाऊ घालत होते. कारण झुरळ जे खाईल तेच शेवटी दाढोबाच्या पोटात जाणार.

झुरळ पडलं. दाढोबा हललाच नाही. मग त्याची मान अगदी हळू एका बाजूला कलती झाली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून बारकाईनं बघायचं तर एक डोळा रोखावा लागतो. सोनार भिंग लावून बघतो तसं त्यानं बघितलं. झुरळ थांबलं. दाढोबाही थांबला. मिनिटभर दोघंही पुतळे. मग झुरळानं एक पाय हलवला, नुसता एक पाय, आणि चप्प! आवाज आला तेव्हा झुरळ तिथे नव्हतंच.

"पुन्हा दाखव," मी म्हणाले. नातीनं मोबाइलवर संथ करून दाखवलं, आणि तिथे मी थक्क झाले. तुम्हाला काय वाटतं, त्यानं झुरळ पकडलं ते दातांनी? नाही. जिभेनं.

तोंड उघडतं, जाडजूड गुलाबी जीभ खालच्या जबड्याच्या कडेपर्यंत पुढे येते आणि तिथे कमान घेऊन खाली वळते. म्हणजे जिभेची वरची, चिकट, खरखरीत बाजू आता पुढे तोंड करून असते. तिचा किड्यावर नुसता ठसा उमटतो आणि ती किड्यासकट आत जाते. ताटातली शेवटची शेव आपण ओलं बोट टेकवून उचलतो ना? हुबेहूब तेच. दात येतात ते नंतर, चिरडायला.

आता तुमच्या घरातली ट्यूबलाइटजवळची पाल आठवा. ती पतंगावर झडप घालते ती थेट जबड्यानं. घोरपडही तसंच करते. तिची लांब दुभंगलेली जीभ वास घेण्यासाठी, पकडण्यासाठी नव्हे. पण बागेतला सरडा? तो जीभ वापरतो, दाढोबासारखीच. आणि ही गोष्ट निव्वळ योगायोग नाही. दाढोबा आणि आपला कुंपणावरचा सरडा एकाच कुळातले आहेत, ॲगॅमिडी. त्या कुळाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण? सरडगुहिरा, म्हणजे शॅमेलिऑन, अंगापेक्षा लांब जीभ बंदुकीच्या गोळीसारखी फेकणारा. त्याच्या जिभेच्या आत एक दांडा असतो आणि भोवती स्नायूंची नळी. नळी आवळली की जीभ दांड्यावरून सुटते, साबणाची ओली वडी मुठीतून निसटावी तशी. असाच दांडा, साध्या स्वरूपात, दाढोबाच्या जिभेखालीही आहे. म्हणजे शॅमेलिऑनची तोफ आभाळातून पडलेली नाही. ओल्या बोटानं शेव उचलणाऱ्या जिभेलाच निसर्गानं कोट्यवधी वर्षं ताणत नेलंय. त्या जिभेवरचा चिकटा माणसाच्या लाळेपेक्षा चारशे पट घट्ट असतो, असं २०१६ मध्ये मोजलं गेलं. चारशे पट! आपल्या तोंडात तसली लाळ असती तर आपल्याला बोलताही आलं नसतं.

या चिकट लाळेची एक कथा चँडलरच्या आसपासच घडते, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथल्या सोनोरन वाळवंटात शिंगाळा सरडा राहतो, हॉर्न्ड लिझर्ड. त्याचं मुख्य अन्न हार्वेस्टर मुंग्या. त्यांतल्या एका जातीचं नाव मॅरिकोपा, आणि चँडलर ज्या जिल्ह्यात आहे त्याचंही नाव मॅरिकोपाच. हिचं विष आजवर मोजलेल्या कीटकविषांत सगळ्यात जहाल मानलं जातं. मग तो सरडा त्या जिवंत गिळतो कशा? चावतच नाही. जिभेनं उचलायच्या आणि घशापर्यंत पोचता पोचता चिकट लाळेच्या धाग्यांत गुंडाळून टाकायच्या. पोटात जाते ती करंजीसारखी दुमडून बंद केलेली मुंगी, नांगी आतल्या आत. २००८ मध्ये दोन संशोधकांनी हे उलगडून दाखवलं. या मुंग्यांचं शास्त्रीय नाव पोगोनोमिर्मेक्स, म्हणजे दाढीवाली मुंगी. आणि दाढोबाचं पोगोना, म्हणजे नुसती दाढी. एकच ग्रीक शब्द, दोन खंडांत, एकदा खाणाऱ्याला आणि एकदा खाल्ल्या जाणाऱ्याला.

दातांचं मात्र दुःख आहे. पालीचे दात जन्मभर पडतात आणि नवे येतात. दाढोबाच्या तोंडातले पुढचे काही दात तसे बदलतात, पण बाजूचे सगळे जबड्याच्या हाडाच्या धारेवरच वितळून चिकटल्यासारखे असतात. करवतीला दाते असतात तसे. झिजले की झिजले. म्हणून त्याला सतत मऊ फळं देऊ नयेत, हिरड्या बिघडतात, असं पशुवैद्य सांगतात. जाता जाता सांगते, चँडलर हे गावच एका पशुवैद्यानं वसवलंय. डॉ. अलेक्झांडर जॉन चँडलर १८८७ साली ॲरिझोनात सरकारी पशुवैद्य म्हणून आले, जमिनी घेतल्या, कालवे काढले आणि १९१२ मध्ये इथले प्लॉट विकायला काढले. त्या काळात इथे शहामृगं पाळायचे, पिसांसाठी. तेव्हा या गावाला चमत्कारिक जनावरांची सवय जुनीच.

शिकारीकडे परत येऊ. झुरळाचा पाय हलला आणि मग जीभ आली, हे लक्षात आहे ना? मेलेलं झुरळ समोर टाकलं तर दाढोबा बऱ्याचदा ढुंकूनही बघत नाही. त्याच्यासाठी जे हलतं ते अन्न. नातीनं मोबाइलवर मुंग्या पळण्याचा खेळ लावून पेटीत ठेवला आणि दाढोबानं काचेवरच्या मुंग्या जिभेनं टिपायला सुरुवात केली. पॉइंटही मिळवले. माझ्यापेक्षा जास्त. त्याची नजर साधीसुधी नाही. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी, त्याच्या डोळ्यात चार. आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही त्याला दिसतात. मोबाइलचा पडदा माणसाच्या तीन रंगांसाठी बनवलेला, तेव्हा त्या मुंग्यांचा रंग त्याला कसलातरी बेगडी वाटत असणार. पण हलतंय ना? मग चालतंय.

शिवाय टाळूवर, दोन डोळ्यांच्या मागे मधोमध, त्याला एक तिसरा डोळा आहे. थट्टा नाही. एका खवल्यावर मोहरीएवढा ठिपका दिसतो. त्यात भिंग आहे, प्रकाश टिपणारा पडदा आहे. चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून हात नेला की तो दचकतो, कारण ऑस्ट्रेलियात वरून येणारी सावली म्हणजे ससाणा. खाणाऱ्यालाही कुणीतरी खाणारं असतंच की. म्हणून नात त्याला नेहमी समोरून, खालून हात देते.

इथवर तुम्हाला वाटलं असेल की हा पक्का मांसाहारी. मलाही तसंच वाटलं होतं. पण लहानपणी जवळजवळ फक्त किडे खाणारं पिल्लू मोठं होता होता पाल्याकडे वळतं. वाढत्या अंगाला प्रथिनं लागतात, वाढ थांबली की पाला पुरतो. पेटीत सकाळी मोहरीचा पाला, किसलेला लाल भोपळा आणि जास्वंदीचं फूल असतं, कधी काटे काढलेलं निवडुंगाचं पान. निवडुंग इथे रस्तोरस्ती आहे. जास्वंदीचं फूल मी पहिल्यांदा वाहिलं, हो, वाहिलंच म्हणते, तेव्हा त्यानं तेही जिभेनंच उचललं. फूल काही पळून जाणार नव्हतं. पण हात धुतल्याशिवाय ताटावर न बसणाऱ्या माणसासारखी त्याची ही रीत सुटत नाही.

पालक मात्र द्यायचा नाही, हे ऐकून मी चमकले. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, हाडांपर्यंत पोचू देत नाही. आणि कॅल्शियम हीच या प्राण्याची सगळ्यात मोठी विवंचना. किड्यांच्या अंगात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. म्हणून नात रातकिडे एका पिशवीत घालते, चमचाभर कॅल्शियमची पांढरी पूड टाकते आणि पिशवी हलवते. बाकरवडीवर पिठीसाखर पडल्यासारखे ते पांढरे रातकिडे पेटीत उतरतात. एखादा निसटतो आणि सोफ्याखाली जातो. मग रात्रभर कोकणातल्यासारखी किरकिर. पहिल्या रात्री मला वाटलं, पाऊस आला.

पण नुसती पूड पोटात गेली म्हणून हाडात जात नाही. त्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं आणि ते दाढोबाच्या कातडीत तयार होतं. उन्हातले अतिनील-बी किरण कातडीतल्या एका मेदद्रव्यावर पडतात, ते द्रव्य बदलतं आणि मग उष्णतेनं त्याचं ड-३ होतं. दोन पायऱ्या, एक उजेडाची आणि एक उबेची. तापलेल्या दगडावर पसरलेला दाढोबा आळशी दिसतो ना? तो त्या वेळी स्वयंपाक करत असतो, कातडीत. नेदरलँड्समध्ये पिल्लांवर प्रयोग झाला, २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काहींना ड जीवनसत्त्व तोंडावाटे दिलं, काहींना रोज दोन तास अतिनील दिव्याखाली ठेवलं. दिव्याखालच्यांच्या रक्तात ते अनेक पटींनी जास्त होतं. आणि खिडकीतून येणारं ऊन चालत नाही, काच हे किरण अडवते. चँडलरच्या लख्ख उन्हात, काचेआड बसवलेल्या सरड्याची हाडं रबरासारखी मऊ होऊ शकतात. उन्हात बसून उन्हाला मुकलेला!

तेव्हा कळलं, याचं अर्धं ताट वाटीत असतं आणि अर्धं उन्हात.

मोकळ्या रानात तो काय खात असेल? ऑस्ट्रेलियात रानातल्या दाढोबांच्या पोटात काय आहे ते संशोधकांनी पाहिलं. पोटातल्या ऐवजात अर्ध्याहून जास्त काय होतं माहीत आहे? पंख फुटलेली वाळवी. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे दिव्याभोवती जी झुंबड उडते ना, वाटीत पाणी ठेवून आपण जी मारतो, तीच मेजवानी. पाऊस पडतो, वाळवी जमिनीतून उधळते आणि कोरड्या मुलखात महिनोन्‌महिने काटकसर केलेला सरडा एका दिवसात तट्ट होतो. त्याच पावसात तो पाणीही पितो, पण कसं? मागचे पाय उंचावून, डोकं खाली करून उभा राहतो. पाठीवर पडलेलं पाणी खवल्यांतून ओघळत तोंडाशी येतं आणि तो ते चाटतो. स्वतःच्याच अंगाची कौलं करून पागोळीला तोंड लावणारा प्राणी!

तरी त्याला सगळं कळतं असं नाही. काजवा दिसला तर तो खाऊन टाकतो. अमेरिकेतल्या काही काजव्यांच्या अंगात बेडकांच्या विषाशी नातं सांगणारं द्रव्य असतं, आणि असा एक काजवा दाढोबाला तासा-दोन तासांत मारू शकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ मध्ये हे नोंदवलं. ज्या देशात हा काजवा नव्हताच, तिथल्या सरड्याला तो टाळायचं शिकवणार कोण? म्हणून नातीचा नियम कडक. बाहेरचा किडा पेटीत नाही. काजवा इथे दिसत नाही, पण औषध फवारलेले किडे सगळीकडे.

शिकवलं तर मात्र शिकतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात एका दाढोबाला जाळीचं सरकतं दार डोक्यानं ढकलून पलीकडची अळी खायला शिकवलं. त्याचं हे कसब आठ दाढोबांना दाखवलं. आठही जणांनी दार उघडलं. ज्यांना दाखवलं नव्हतं, त्यांतल्या एकानंही नाही. म्हणजे सरडेही एकमेकांचं बघून शिकतात.

आणि घरची बातमी सांगायची राहिली. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली, निळ्या-काळ्या-केशरी गळ्याचा पंखा उघडणारा छोटा सरडा आहे. २०१६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं, सारडा सुपर्बा. प्रजातीचं नावच आपल्या 'सरडा' शब्दावरून. तो दाढोबाच्याच कुळातला. मी त्या पठारावर लहानपणापासून गेले आहे, फुलं बघायला. खाली कधी बघितलंच नव्हतं.

जुलैच्या एका संध्याकाळी चँडलरवर धुळीची भिंत आली, मागोमाग वीस मिनिटं पाऊस, आणि पाऊस थांबताच व्हरांड्याच्या दिव्याभोवती पंखांची झुंबड. वाळवी! काही खिडकीच्या काचेवर चढत होत्या. दाढोबाला नातीनं पेटीबाहेर काढून खिडकीत बसवलं होतं. त्याची मान हळूच कलती झाली. एक डोळा रोखला. एक पंख हलला, आणि चप्प! जीभ काचेवर. काचेवर ओला ठसा, पलीकडे वाळवी तशीच. दाढोबानं मान दुसऱ्या बाजूला कलती करून दुसऱ्या डोळ्यानं पाहिलं. बाहेर भाची टॉर्च घेऊन घराच्या पायाशी वाकली होती, वाळवी कुठून निघाली ते शोधत.